सहावी मूठ

देवपुरातल्या लीलाधर बोरसेची पिठाची गिरणी वर्षातून एक दिवस फक्त कानबाई देवीची असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, असतात. त्याच्या दोन दिवस आधी लीलाधर गिरणी बंद ठेवतो, दगड उचलून त्यांना छिन्नीनं टाकी लावतो, पट्ट्यावरची वर्षभराची भुकटी पुसून काढतो, आणि शनिवारी रोटाच्या गव्हाशिवाय दुसरा दाणा आत जाऊ देत नाही. त्या दिवशी कुणी चुकून ज्वारी घेऊन आलंच, तर लीलाधर त्याच्याकडे असा बघतो की तो बिचारा पिशवी पाठीमागं लपवून घरी जातो.

रोटाचा गहू मापानं घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या आणि भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मुलगा जन्मला की एक मूठ वाढते, माणूस गेला की एक मूठ कमी होते. बायकांची मूठ नसते. त्या रोट भाजतात. त्या पिठाचं जे काही होईल ते भाऊबंदांनीच खायचं, परक्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही, उरलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लीलाधरला गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मुठी पाठ होत्या. शिरगणतीवाले मास्तर उन्हातान्हात दारोदार फिरून जे विचारतात, ते ह्याला पिशवी हातात घेतल्या घेतल्या कळायचं.

त्याच्या स्वतःच्या घरी सहा मुठी होत्या. एक त्याची. एक थोरल्या भावाची, म्हणजे जळगावला राहणाऱ्या रतिलालची. दोन रतिलालच्या मुलांच्या, एक नातवाची. आणि सहावी योगराजची. योगराज म्हणजे लीलाधर आणि लताबाईचा एकुलता एक मुलगा.

ह्या योगराजनं धुळ्यात बी.ए. केलं आणि मग दूर दक्षिणेत, ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेल्या एका कॅथलिक विद्यापीठात नाव घातलं. विषय काय, तर जगातले सगळे धर्म. लीलाधरला हे ऐकून आधी हसूच आलं.

"आपला एक धरम नीट समजस नही, आनि तू बठ्ठा शिकाले चालना? त्यामां नोकरी कसानी लागी?"

"लागेल काहीतरी, नाना," योगराज म्हणाला. तो बापाला नानाच म्हणायचा. बाहेर राहायला गेल्यापासून त्याची अहिराणीही पातळ होत चालली होती.

गल्लीला तर आयताच विषय मिळाला. दळण टाकायला आलेला कुणीही विचारायचा, "काय नाना, पोऱ्या पादरी व्हयना का?" लीलाधरही ताठ मानेनं सांगायचा, की नाही, तिथं सगळेच धर्म शिकवतात. आणि ते खरंच होतं. रविवारी फोन यायचा. योगराज सांगायचा की त्याच्या खोलीत केरळचा एक मुसलमान मुलगा आहे, त्याच्याबरोबर त्यानं रमजानचे तीन रोजे केले. वर्गात लडाखचा एक बौद्ध भिक्खू आहे, परीक्षेला सगळ्यात जास्त तोच घाबरतो. गीता शिकवतात त्या एक सिस्टर आहेत, आणि त्यांना अठराच्या अठरा अध्याय पाठ आहेत. हे ऐकून लीलाधरला कोड्यात पडल्यासारखं व्हायचं. आपल्याला एक अध्याय येत नाही, आणि ती क्रूस घातलेली बाई अठरा म्हणते, म्हणजे नक्की कोण कुणाचं शिकतंय? पण त्याच्या मनात कुठंतरी अभिमानही होता. तो त्यानं कुणाला दाखवला नाही, एवढंच. दाखवला असता तर बरं झालं असतं.

मग जूनच्या अखेरीस मोबाईलवर निरोप आला. घरात फोन एकच, तो लीलाधरच्या खिशात. लताबाईला वाचता येत नव्हतं. निरोपात लिहिलं होतं: "नाना, तीन तारखेला माझा दीक्षांत समारंभ आहे. मोठे बिशप स्वतः येणार आहेत. तुम्ही आणि आई आलात तर मला फार बरं वाटेल. पांढरे कपडे घालून यायचं आहे."

लीलाधर सातवी शिकलेला. पदवी त्याच्या घराण्यात योगराजआधी कुणी घेतली नव्हती, आणि त्याची बी.ए.ची पदवीही कॉलेजच्या खिडकीतून हातात मिळाली होती. दीक्षांत हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पण दीक्षा हा शब्द मात्र तो चांगला ओळखत होता.

पाच वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या जैन कुटुंबातल्या मुलीनं दीक्षा घेतली होती. गिरणीवरून तिच्या वरघोड्याची मिरवणूक गेली. पोरगी नवरीसारखी नटून रथात बसलेली, दोन्ही हातांनी तांदूळ आणि नाणी उधळत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर पांढरी वस्त्रं होती, डोक्यावर केस नव्हते, आणि तिचा बाप तिच्यासमोर वाकून तिला महाराजसाहेब म्हणत होता. आठवडाभरानं तो बाप दळण घेऊन आला. "आता ती आमची नाही, सगळ्यांची झाली," म्हणाला आणि गिरणीच्या आवाजाचा आडोसा घेऊन रडला. लीलाधरनं तेव्हा त्याचं दळण झाल्यावर गिरणी न थांबवता लगेच पुढचं दळण ओतलं होतं.

आता बिशप, पांढरे कपडे आणि दीक्षा हे सगळं एका निरोपात आल्यावर त्यानं दुसरं काय समजायचं? पोरगं बाटलं. आणि शब्दच सांगतो आहे की दीक्षाही झाली आणि अंतही झाला.

त्यानं उत्तर दिलं नाही. तीन तारखेला फोन आला, कापला. चार तारखेला आला, कापला. लताबाई विचारायची, "योगूना फोन उना नही का?" हा म्हणायचा, परीक्षा आहे. सांगितलं ते फक्त रतिलालला. रतिलाल फोनवर म्हणाला, "तो जायी ऱ्हायंता तव्हयच मी सांगं व्हतं." थोरल्या भावांना हे वाक्य फार आवडतं.

योगराज रोटाच्या आधल्या शुक्रवारी संध्याकाळी घरी आला. आला तो नेहमीसारखाच, पाठीला पिशवी आणि हातात आईसाठी मिठाईचा पुडा. केस होते. कपाळ मोकळं होतं, पण ते आधीही मोकळंच असायचं. लीलाधरनं त्याच्या गळ्यात काही दिसतं का ते चोरून पाहिलं. शर्टाची वरची गुंडी लावलेली होती. बस, त्याला तेवढं पुरलं.

पोराची समजूत वेगळीच होती. त्याला वाटत होतं, आपण तिथं शिकायला गेलो ह्याचाच नानांना राग आहे, म्हणून समारंभाला आले नाहीत, म्हणून फोन घेत नाहीत. सगळ्यांचे आईबाप आलेले असताना आपण एकटेच उभे होतो, हे त्याच्याही मनात सलत होतं. तोही बापासारखाच मानी. ना ह्यानं विचारलं, ना त्यानं सांगितलं.

शनिवारी सकाळी आंघोळ करून लीलाधर देवघरासमोर बसला. पुढं सूप आणि नवं कोरं कापड. रतिलाल आदल्या रात्रीच जळगावहून आला होता, तो पाटावर बसला. योगराज भिंतीला टेकून समोर बसला होता, मांडीवर वही होती. लीलाधरनं गहू घ्यायला सुरुवात केली. मूठ, वर पाव मूठ. स्वतःचं नाव घेतलं. मूठ, वर पाव. रतिलालचं नाव. मग त्याच्या दोन मुलांची नावं. मग नातवाचं. मग त्यानं कापडाची चारही टोकं गोळा केली आणि गाठ मारली.

"नाना," योगराज म्हणाला, "पाच झाल्या."

"पाचच शेतस."

लताबाई चुलीपाशी होती. तिनं मान वळवली. "आनि योगूनी?"

लीलाधर गाठ आवळत राहिला. रतिलालनं घसा साफ केला. "गिरजामां जानारानी मूठ नही ऱ्हास, लताबाई."

"मी शिकायला गेलो होतो, काका."

"शिकाले लोके शाळामां जातस."

योगराजचा चेहरा पडला. त्यानं वही मिटली आणि उठून ओट्यावर जाऊन बसला. लीलाधर गाठोडं डोक्यावर घेऊन गिरणीकडे निघाला. धुतलेल्या गिरणीत पहिला गहू मालकाच्याच घरचा पडतो. त्यानं तो दळला, पीठ घरी पाठवलं आणि गल्लीची दळणं घेऊ लागला.

अकराच्या सुमारास मेघा आली. ही शेजारच्या सुमनबाईची मुलगी, ह्याच वर्षी बी.एस्सी. झालेली, बोलायला मोकळी. तिच्या घरच्या चार मुठी. लीलाधरनं गहू ओतला आणि गिरणी सुरू केली.

"नाना, पुढच्या महिन्यात जळगावला विद्यापीठात माझा दीक्षांत समारंभ आहे," ती आवाज चढवून म्हणाली. "पप्पा गाडी करणार आहेत. तुम्ही आणि काकू पण चला ना."

लीलाधरचा हात जागच्या जागी थांबला. "तू बी?"

"मी बी काय?"

"तू बी दीक्षा लेस? तुन्हा मायबापले चालस?"

मेघा एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. "अहो नाना! दीक्षांत म्हणजे पदवीदान. कॉलेज संपलं की झगा घालून स्टेजवर जायचं, कागद घ्यायचा, फोटो काढायचा. आपल्या योगूदादाचा नाही का झाला जुलैत? मी त्याचं स्टेटस बघितलं. बिशपांच्या हातून पदवी घेताना." आणि मग तिनं जे विचारलं ते तिला सहजच सुचलं होतं. "त्याच्या वर्गातल्या सगळ्यांचे आईवडील फोटोत होते. तुम्ही कसे नव्हता गेलात?"

गहू केव्हाच संपला होता. रिकामी गिरणी फिरत राहिली आणि दगडावर दगड घासल्याचा जळका वास सुटला. तीस वर्षांत त्यानं हे कधी होऊ दिलं नव्हतं. मेघानंच ओरडून बटण बंद करायला लावलं.

पायात चप्पल न घालता तो घरी आला. योगराज अजून ओट्यावरच होता.

"दीक्षांत म्हंजे काय?" लीलाधरनं उभ्या उभ्याच विचारलं.

योगराजला आधी प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू कळला, आणि कळत गेला तसा त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. राग असता तर लीलाधरला सोपं गेलं असतं.

"पदवीदान, नाना. जुना शब्द आहे. गुरूकडचं शिक्षण म्हणजे दीक्षा, ते संपलं म्हणजे दीक्षांत. तिकडं उत्तरेकडची मुलं तसंच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिलं. पांढरे कपडे हा तिथल्या समारंभाचा रिवाज." तो उठून उभा राहिला. "तुम्हाला वाटलं, मी ख्रिश्चन झालो?"

लीलाधरनं मान हलवून हो म्हटलं. कधी नव्हे ते त्याला पोरासमोर खाली बघावंसं वाटलं.

योगराजनं आत जाऊन पिशवीतून एक बांधीव वही आणली. निळ्या पुठ्ठ्याची, इंग्रजीत टाइप केलेली. "मला वाटलं होतं मी सुफींवर लिहीन, नाहीतर तिबेटवर. सिस्टर म्हणाल्या, आधी तुझ्या घरात काय आहे ते लिही. मग मी कानबाईवर लिहिलं, रोटावर. आपल्या गिरणीवर एक आख्खं प्रकरण आहे." त्यानं मधलं एक पान काढून बोट ठेवलं. "इथं लिहिलंय की माझ्या घरी सहा मुठी निघतात. तिकडं सगळ्यांना फार आवडलं होतं हे. एका धर्मात माणसाला गव्हानं मोजतात म्हणून."

लीलाधरला त्या पानावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तो बराच वेळ त्या बोटाखालच्या ओळीकडे बघत राहिला.

आत लताबाईनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं आणि सुपात गहू. "घ्या. सव्वा मूठ घ्या त्याना नावनी. आते दळी लया."

"अशी नही व्हस, लताबाई," रतिलाल म्हणाला. त्याचाही आवाज आता खाली आला होता. "रोटनं दळन एकदाच व्हस. गिरनीमां बठ्ठी गल्लीनं दळन पडी गयं. आते टाकेल दाना आपला नही ऱ्हास."

हे लीलाधरलाही ठाऊक होतं. गल्लीतल्या कितीतरी लोकांना त्यानं हेच सांगून परत पाठवलं होतं. कुणाचा मुलगा सुरतेहून उशिरा आला, कुणाच्या घरात शनिवारी दुपारी बाळ जन्मलं. सगळ्यांना एकच उत्तर, पुढच्या वर्षी. नियम मोडायचा तर पहिला मोडणारा गिरणीवालाच कसा व्हायचा?

लताबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती तिथंच बसली. "मरेल मानूसनी मूठ काढतस," ती म्हणाली. ती रतिलालकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. "सासरानी काढी, ते गयात तव्हय. दिरनी काढी. तुम्ही मन्हा जित्ता पोऱ्यानी काढी. आते पुढला श्रावन लगून मी काय करू?"

योगराज तिच्याजवळ बसला. "आई, असं काही नसतं."

"तू बठ्ठा धरम शिकना ना? मंग सांग, कोनता धरममां अशी नसस?"

दोन वर्षं योगराज हेच तर शिकला होता, की असं सगळीकडे असतं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, त्याला डोळे, नथ, हिरवी साडी. बायकांनी गाणी म्हटली, पण लताबाईचा आवाज मध्येच तुटायचा आणि मग बाकीच्या ते कडवं ओढून न्यायच्या. पुरणाचे रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली. पानं मांडली. लीलाधरनं आपल्या पानातला रोट मधोमध मोडला आणि अर्धा घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, तिथं योगराज खाटेवर बसला होता.

"मन्हा वाटाना शे. खाय."

योगराजनं तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत बापाच्या हातात ठेवला. "ज्याची मूठ नाही त्यानं रोट खायचा नाही, नाना. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, मी तुमच्याच नावानं लिहिलंय ते." तो टोमणा मारत नव्हता. तेच वाईट होतं. त्यानं साध्या पिठाच्या दोन पोळ्या आईकडून वेगळ्या करून घेतल्या होत्या, त्या त्यानं लोणच्याशी खाल्ल्या.

लीलाधर तो अर्धा रोट हातात घेऊन पंगतीत परत आला. टाकता येत नव्हता, कुणाला देता येत नव्हता. त्यानंच तो खाल्ला, आणि प्रत्येक घासाला पाणी प्यायला.

सोमवारी सकाळी पांझरा नदीवर कानबाईला निरोप देऊन सगळे घरी आले, आणि योगराज निघाला. चाळीसगावपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. त्याच विद्यापीठात त्याला संशोधनाचं काम मिळालं होतं. तिकडच्या लोकांना आता गोंड आणि पावरा आदिवासींच्या देवांवर लिहून हवं होतं. लताबाईनं दारातच त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दोनदा, आणि तरी तिचं समाधान झालं नाही म्हणून तिसऱ्यांदा. पिशवी लीलाधरनं उचलली. धुळ्याच्या स्टँडपर्यंत दोघं रिक्षानं गेले.

गाडी लागलेली होती. योगराजला खिडकीची जागा मिळाली. लीलाधर खाली उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, पण बापानं मुलाची माफी कशी मागायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "पुढला श्रावनमां पहिली मूठ तुन्ही. मन्हा आधी."

योगराजनं मान डोलवली. मग खिडकीच्या गजावर हात ठेवून तो खाली वाकला. "नाना, एक विचारू? शब्दानं तुमची फसगत झाली, ते कळलं मला. पण मी खरंच घेतली असती दीक्षा, तर?"

तरी तुझी मूठ नसती काढली, असं त्याला म्हणायचं होतं. पोरानं ते मानलंही असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं. पण शनिवारी सकाळी पाचव्या मुठीनंतर गाठ मारताना लीलाधरचा हात जराही थरथरला नव्हता. त्याला ते ठाऊक होतं, आणि भिंतीला टेकून समोर बसलेल्या पोरानंही ते बघितलं होतं.

कंडक्टरनं घंटी मारली.

"खिडकी लाई ले," लीलाधर म्हणाला. "वारा लागी."

योगराजनं खिडकी लावून घेतली.